पट्टीवरचं माहेरचं नाव

लातूरच्या केबल चॅनलवर माझं काम एकच, बोलणाऱ्याच्या चेहऱ्याखाली नावाची पट्टी लावायची. त्या दुष्काळात उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा होती आणि जो तो पुढारी फोन करून पट्टीवर आपलं पद वाढवून मागायचा. काल जिल्हा कृती समितीचा निमंत्रक, आज मुख्य निमंत्रक. माझं डोकं उठायचं. मी मुदखेडची, ऐकून घ्यायची सवय नाही.

अशातच जळकोटकडच्या एका वस्तीवरची बाई आमच्या कॅमेऱ्यासमोर बोलली. वस्तीचा टँकर सरपंच स्वतःच्या विहिरीत रिकामा करतो, असं तिनं सरळ सांगितलं. मी नाव विचारलं. तिनं स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव खणखणीत सांगितलं. मी तसंच लावलं. बातमी लागली आणि तहसीलचे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. वस्तीला पाणी मिळणार की नाही, ते त्या पाहणीवरच होतं.

पाहणीच्या दिवशी सकाळी सरपंचाचा संपादकांना फोन. "या नावाची बाई आमच्या गावात न्हाईच. बाहेरून आणून उभी केली तुम्ही." साहेबांनाही त्यानं हेच कळवलं होतं. संपादकांचं तोंड उतरलं. "दुपारी दिलगिरीची पट्टी चालव," ते मला म्हणाले.

"सर, दिलगिरी चालवली की पाहणी संपली. त्या लोकांनी काय प्यायचं?"

"आणि बाई खरंच बाहेरची निघाली तर तू निस्तरणार का?"

दुपारपर्यंत थांबा, असं मी त्यांना म्हणाले आणि कॅमेरामनच्या गाडीवर बसले. वाटभर डोक्यात एकच. बाईनं आपल्याला फसवलं असेल तर?

पोचलो तर साहेबांची जीप उभी, शेजारी सरपंच. साहेब बायकांना विचारत होते, "या नावाची कोण आहे इथं?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांना ते नाव ठाऊकच नव्हतं. आमच्याकडं लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात आणि जुनं तिथंच संपतं. या बाईनं मला माहेरचं नाव सांगितलं होतं.

ती बायकांतून पुढं आली तसा माझा संताप झाला. "अहो बाई, सासरचं सांगायचं ना. सगळ्या वस्तीचं पाणी घालवलंत."

"तुम्ही माझं नाव इचारलं," ती म्हणाली. "माझं हेच हाय."

"गावच्या यादीत हे नाव नाही," म्हणत साहेब जीपकडं वळले. सरपंच गालात हसला. मला तर वाटलं, झालं, संपलं.

तेवढ्यात तिची सासू गुडघ्यावर हात टेकून उठली. "सायेब, थांबा. सून माझी हाय. तांदळात नाव म्याच लिहायला लावलं, तिला इचारलं बी न्हाई. माहेरचं नाव तिनं सांगितलं तेच हाय. अन् बोलली ते खरं हाय. टँकर ह्याच्या हिरीत रिकामा होतोय, म्या रोज बघतेय. चला, दावते."

साहेब तिच्या मागं गेले. रानात एवढा फुफाटा, आणि त्या विहिरीच्या काठाला ओला चिखल अन् टँकरच्या चाकांचे ताजे ठसे. साहेबांनी तिथूनच फोन लावला, टँकर आजच वस्तीवर उतरवा म्हणून.

कॅमेरामननं म्हातारीचं बोलणं घेतलं होतं. पट्टीसाठी मी विचारलं, "आजी, तुमचं नाव?"

तिनं सासरचं सांगितलं. मग सुनेकडं बघितलं. "थांब गं. ते नको. माझं माहेरचं लाव."

मी पेन धरून थांबले. तिचे ओठ हलले, बंद झाले, परत हलले. सून जवळ येऊन बसली.

"न्हाई आठवत," म्हातारी म्हणाली. "लई वर्षं झाली, कुणी त्या नावानं हाकच मारली न्हाई."

संध्याकाळी तिची बातमी मी पट्टीशिवाय सोडली. संपादक ओरडले. ओरडू दिलं.