पोस्टातलीची चाळिशी

काचवाल्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, आणि सगळ्या गल्लीला हेही ठाऊक होतं की काचवाले साप्ताहिकात कादंबरी लिहितात. यातलं दुसरं खरं नव्हतं. काचवाले नुसते बोलत. लिहीत वहिनी.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्याचे हात दिवसभर पाण्यात आणि घासायच्या पुडीच्या लगद्यात. दुकानामागच्या खोलीत चाक फिरत असायचं, काचवाले त्यावर काच धरून उभे, आणि नेमकं तेव्हाच त्यांना सुचायचं. हात धुऊन, पुसून, पेन घेईपर्यंत वाक्य पळून जाई. म्हणून वहिनींनी खिडकीपाशी स्टूल टाकलं. चाक फिरतंय तोवर गप्प बसायचं. चाक थांबलं की वाक्य येणार. लग्न ठरताना म्हणे त्यांनी वहिनींचं अक्षर बघून होकार दिला होता. वहिनींना तेव्हा ते मोठं कौतुक वाटलं. बी.ए. झालेल्या मुलीला एवढं तरी कळायला हवं होतं, की याला अक्षर पसंत पडलंय, आपलं काय ते अजून ठरायचंय.

कादंबरीतली पोस्टातली बाई आधी दोन ओळींपुरतीच होती. नायकाचं पाकीट तोलायचं, तिकीट लावायचं, संपलं काम. पण ती गेलीच नाही. उलट नायकच कुठेतरी परगावी गेला, त्याची कुणाला आठवणही उरली नाही, आणि पोस्टातली आपली खिडकीमागे ठाण मांडून बसली. तिची भाड्याची खोली, तिचा भडकणारा स्टोव्ह, तिचा आजारी भाऊ. ती यायची झाली की काचवाल्यांचा हात हलका होई आणि चाकाचा आवाज बदले. कादंबरीत तिचा भाऊ गेला त्या आठवड्यात त्यांनी गिऱ्हाइकांच्या डाव्या काचा उजवीकडे बसवल्या. माणसं भिंती चाचपत परत आली. स्वतःचा सख्खा भाऊ गेला तेव्हा मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी वेळेवर दुकान उघडलं होतं आणि एकही काच चुकली नव्हती.

लेक बँकेत होती आणि जिभेची तिखट. संध्याकाळी चपला काढता काढता विचारायची, "काय, सावत्र आई बरी आहे ना?" काचवाले हसत, आणि खरोखरच उत्तर देत, की बरी आहे, पण हल्ली नीट जेवत नाही.

वहिनीही काही कमी नव्हत्या. एकदा दोघं स्वेटर घ्यायला गेले. वहिनींनी हिरवा उचलला. काचवाले म्हणाले, हिरवा नको, तिला हिरवा शोभत नाही. आणि वहिनींनी तो मुकाट्यानं परत ठेवला, कारण त्यांनाही आठवलं, की खरंच, मागच्या प्रकरणात तसं लिहिलंय. रस्त्यावर आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. पण पिशवीत स्वेटर होता तो करडाच.

मग वहिनींना चाळिशी लागली. कागद लांब धरावा लागे, अक्षरं फुगायला लागली, ओळी तिरक्या जाऊ लागल्या. छापखान्यातून निरोप आला की अक्षर लागत नाही. काचवाल्यांनी विचारलं, हल्ली अक्षर का बिघडलंय तुझं? वहिनींनी पुढचा कागद ओढला. ज्या माणसाचा जन्म लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेला, त्याला आपण होऊन सांगायचं, की माझ्याही डोळ्यांकडे बघा? मुळीच नाही. बघेल तेव्हा बघेल. तोवर त्या डोळे ताणून लिहीत राहिल्या, आणि दुपारी कपाळावर ओला रुमाल ठेवून पडत.

एके सकाळी चाक थांबलं आणि काचवाले म्हणाले, "लिही. पोस्टातलीला सुईत दोरा ओवता येईना. ती सुई खिडकीकडे लांब धरे, मान मागे घेई, आणि तिची डावी भुवई वर चढे."

वहिनींनी लिहिलं. लिहिताना त्यांनी कागद लांब धरला होता, मान मागे घेतली होती, आणि डावी भुवई कुठे होती ते त्यांना आता कळलं.

पुढे त्याच प्रकरणात पोस्टातलीच्या खिडकीशी रोज येणारा एक चष्मेवाला शिरला. तो तिच्यासाठी गुपचूप चष्मा करतो, पण द्यायचं धाडस त्याला होत नाही. लेक म्हणाली, बाबा स्वतःच आत घुसले की हो कादंबरीत. काचवाल्यांना राग आला नाही. त्यांनी ड्रॉवरमधून एक डबी काढली आणि उघडून वहिनींपुढे धरली. आत पातळ सोनेरी काड्यांचा चष्मा होता.

"कुणाचा हा?"

"तिचा. नंबर नक्की हवा ना लिहिताना. अंदाजपंचे कसं चालेल?"

वहिनींनी तो डोळ्यांवर चढवला. आपली अक्षरं दिसली, कागदाचे तंतू दिसले, काचवाल्यांच्या बोटांवरचे चरे दिसले. नाकावर तो असा बसला होता, जणू मापानं केलाय. दोन बुबुळांमधलं अंतरसुद्धा बरोबर. कागदी बाईचं माप यांनी कुणावरून घेतलं? वहिनी वाट बघत राहिल्या. राहू दे, तुलाच केलाय, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. खोटं म्हणाले असते तरी चाललं असतं.

"काढ अगं, बोटं लागतील काचेला," काचवाले म्हणाले. चष्मा पुसून त्यांनी डबीत ठेवला आणि डबी कपाटाच्या वरच्या खणात गेली.

दुसऱ्या दिवशी वहिनी बाजाराच्या पलीकडच्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. तिथला दुकानदार काचवाल्यांशी तीस वर्षं स्पर्धा करून दमलेला माणूस. त्याला आनंद लपवता येईना. विचारलं, काय वहिनी, आमचे गुरुबंधू गाव सोडून गेले की काय? वहिनी म्हणाल्या, त्यांच्याकडे फार काम आहे, तुम्ही रिकामे दिसलात. संध्याकाळपर्यंत गल्लीला हसायला विषय मिळाला.

लेकही आधी हसली. मग आईचं तोंड बघून म्हणाली, "आई, बाबांना सांगितलं असतंस तर एका दिवसात झाला असता."

"सांगितल्यावर काय, कुणीही करून देतो."

जाड तपकिरी फ्रेमचा तो चष्मा लावून वहिनी स्टुलावर बसल्या. डावी काडी जरा ढिली होती, सारखी वर सारावी लागे. काचवाले बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात काय लपतं? पण त्यांचं चाक चालू, आणि वहिनींचा जीव त्या चाकाकडे. वाटायचं, आता थांबेल आणि म्हणतील, अगं, हे काय? रागावले तरी बरं.

आठवड्यानं चाक थांबलं. ते इतकं हलकं थांबलेलं वहिनींनी कधी ऐकलं नव्हतं.

"लिही," काचवाले म्हणाले. "पोस्टातलीनं चष्मा दुसरीकडून घेतला. तपकिरी, जाड. डावी काडी ढिली, ती सारखी वर सारी. तिला वाटलं, चष्मेवाल्याच्या लक्षातच आलं नाही. त्याच्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं होतं. तिचे डोळे दुखतात, ती दुपारी ओला रुमाल ठेवून पडते, तेही त्याला माहीत होतं."

वहिनींनी शेवटच्या शब्दापर्यंत लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं. म्हणजे यांना दिसत नव्हतं असं नाही. सगळं दिसत होतं. संसारातलं जे जे डोळ्यांत भरलं, ते सगळं उचलून त्यांनी त्या खिडकीत नेऊन दिलं होतं, आणि ते पोचवायला हात वहिनींचा वापरला होता.

"अहो, मग तो तिला बोलला का नाही?" त्यांनी विचारलं.

काचवाल्यांना प्रश्नच कळला नाही. "बोलला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं."

वहिनींनी पेनाला टोपण लावलं, कागद नीट जुळवून स्टुलावर ठेवले आणि उठल्या.

"पुढचं तिलाच लिहायला सांगा."

काचवाले ओले हात तसेच हवेत धरून उभे. "अगं, थांब. वाक्य जातंय."

त्यांच्या आवाजात काकुळती होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वहिनी दारात थांबल्या, ती काकुळती कुणासाठी आहे ते नीट ऐकून घेतलं, आणि आत गेल्या.