साडभाऊंच्या जुन्या गावची थंडी

थंडीचा माझ्या साडभाऊंइतका अपमान करणारा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसावा. बाकीचे लोक थंडीला घाबरतात, कंटाळतात, फार तर दोन शिव्या देतात. साडभाऊ तिला मोजतच नाहीत. कार्तिक लागला, उशिरा येणारं भारी धान कापून झालं, पहाटे दहिवरानं गवत ओलं होऊ लागलं की सारं गाव कानाला रुमाल बांधतं. त्या वेळी हे गृहस्थ नुसत्या बनियनवर ओसरीत बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशा नजरेनं बघतात, जणू मफलर गुंडाळून त्यानं गावाची अब्रू घालवली. मग ते वाक्य येतं. "याले थंडी म्हणतेत काय जी? थंडी होती ते आमच्या जुन्या गावात."

जुनं गाव म्हणजे वैनगंगेच्या काठचं, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. त्याला बरीच वर्षं झाली. सारी वस्ती उठून या माळावर आली. इथे सिमेंटचे सरळ रस्ते आहेत आणि ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या चौकोनी प्लॉटात आहे. जुन्या गावाची आठवण सगळ्यांनाच येते. कुणाला देऊळ आठवतं, कुणाला नदीकाठची वांगी. थंडी आठवणारा माणूस मात्र माझ्याच नशिबी यायचा होता. माझ्या बायकोची मोठी बहीण यांना दिलेली, त्यामुळे सुटका नाही. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तिथे खोबरेल तेल होळीपर्यंत वितळत नसे, आणि कोंबडा आरवायला तोंड उघडून, विचार बदलून परत मिटत असे. मी एकदा विचारलं, "मग माणसं कशी जगत होती, साडभाऊ?" ते म्हणाले, "तवाची माणसं होती," आणि माझ्या स्वेटरकडे बघून पुढचं बोलले नाहीत.

स्वेटरचा विषय मला लागतो. भंडाऱ्यात माझं कपड्यांचं लहानसं दुकान आहे आणि थंडी पडली तरच ते चालतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी यांना दुकानातला सगळ्यात चांगला, राखाडी, पूर्ण बाह्यांचा स्वेटर दिला. महिन्याभरानं गेलो तेव्हा तो वालाच्या वाडीत बुजगावण्याच्या अंगावर होता. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "त्याले बरोबर बसला." एकदा मी मोबाइल पुढे केला, त्यावर तापमान बारा दाखवत होतं. "मोबाइलले काय समजते?" साडभाऊ म्हणाले. "तो तं दिवसभर खिशात रायते."

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. या माणसाचा मला खरा राग आहे तो ताईंमुळे. ताई म्हणजे त्यांच्या बायको, अबोल आणि सोशिक. त्या घरात नियम असा की खरी थंडी अजून पडलेली नाही, सबब रजई पेटीतून निघायची नाही. संक्रांतीपर्यंत "अजून पडाची आहे" आणि संक्रांतीनंतर "आता तं गेली". अशा हिशेबानं ताईंनी कितीतरी हिवाळे दोन पातळ चादरींत काढले. गेल्या साली त्यांना खोकला लागला. तालुक्याच्या डॉक्टरनं छातीत कफ आहे, ऊब ठेवा, असं बजावून सांगितलं. आम्ही भेटायला गेलो तर ताई चुलीजवळ बसून लाखोरीची भाजी निवडत होत्या. दोन पानं निवडायच्या आणि खोकायच्या. बाहेर साडभाऊ बनियनवर.

माझी बायको सरळ आत गेली, पेटी उघडली आणि रजई आणून बहिणीच्या अंगावर टाकली.

"काहून काढली?" साडभाऊ दारातून म्हणाले. "एवढ्यात?"

त्यांच्यापुढे तिनं कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. "तिचा जीव जाऊन राहिला," ती म्हणाली, "आन तुमी थंडीची वाट पाहून राहिले."

साडभाऊ ओसरीत जाऊन बसले. मला मात्र राहवेना. मी त्यांच्यापुढे उभा राहून म्हटलं, "उद्या सकाळी जुन्या गावाकडं चला. तुमची ती थंडी एकदा मलेही पाहू द्या."

पहाटे मोटारसायकल काढली. मी दोन स्वेटर घातले होते. साडभाऊ सदऱ्यावर मागे बसले. पाणी जिथवर चढलंय तिथे रस्ता एकदम संपतो. आम्ही उतरलो. पाण्यावर धुकं होतं, एक मासेमार डोंगा काठाला ओढत होता, आणि थंडी अशी की माझे दात एकमेकांवर आपटत होते. साडभाऊंनी हात लांब करून धुक्यात कुठेतरी दाखवलं. गाव तिकडे. आता हा माणूस छाती फुगवणार आणि जन्मभर मला ऐकवणार, अशी मी मनाची तयारी केली.

पण ते कुडकुडत होते. हनुवटी हलत होती, दोन्ही हात काखेत होते.

"हीच काय ते?" मी विचारलं.

"हेच आहे जी," ते म्हणाले. "आपल्या माळावरही हेच पडते."

मग ते बोलू लागले. "देवळामागं एक भिंत होती. उगवतीकडं तोंड. ऊन निघालं का सारी आळी तिथं येऊन बसे. बाया इकडं, माणसं तिकडं. तुमची ताई नवी नवी आली तं लाजून पार कोपऱ्यात बसे. कामाले उशीर होये, तरी कोणी उठत नवतं." हात तसेच काखेत ठेवून म्हणाले, "थंडी सारखीच वाजे. पण सारेच बसून रायत ना. इथं आपल्या आपल्या प्लॉटात एकटं बसून..." आणि वाक्य तसंच सोडून ते गाडीकडे वळले.

घरी आल्यावर त्यांनी ताईंना विचारलं, "चहा पेतं काय?" आणि स्वतः चुलीशी बसले. तो चहा मीही प्यायलो. तसा चहा शत्रूलाही देऊ नये. ताई शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.

हळूहळू त्या बऱ्या झाल्या. साडभाऊ सुधारले असं मात्र कुणी समजू नये. यंदाही ते बनियनवरच आहेत आणि या माळावरची थंडी त्यांच्या मते तिसऱ्या दर्जाचीच आहे. फरक एवढाच की सकाळी ते बाज ओढून थेट सिमेंटच्या रस्त्यावर, उन्हात आडवी टाकतात. मोटारसायकलवाल्यांना वळसा घालावा लागतो, ते कुरकुरतात. साडभाऊंना ऐकू येत नाही. बाजेच्या एका टोकाला ताई बसतात. शेजारपाजारचे दोन-चार म्हातारे येता-जाता टेकतात, कुणी खळ्यावर धान चुरायला निघालेला बैलजोडी थांबवून उभ्या उभ्याच बोलतो.

परवा गेलो तेव्हा मीही बसलो होतो. उन्हाला जरा धार आली तसा एकेक जण उठू लागला. साडभाऊ बाज थोडी सावलीकडे सरकवत प्रत्येकाला म्हणत होते, "बसा ना जी, अजून ऊन कवळंच आहे." दोघं थांबले, बाकीचे गेले.

मला निघायला उशीर झाला होता. मी आणखी थोडा वेळ बसलो.