सिंधूची वेणीफणी

"ताई, साबन सापडना नहीं, पोर न्हानीमा रडाले लागनी. मंग मीच आंग धोई दिधं."

सिंधूच्या आईने मला दारातच गाठलं. साबण सापडणार कसा? मी त्याला भोक पाडून, दोरी ओवून खुंटीला टांगला होता. या माउलीने तो सोडून कोनाड्यात नीट ठेवला होता. मला राग आला, पण गिळला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्यातल्या एका संस्थेत मी होम टीचर होते. अंध माणसाच्या घरी जाऊन 'डेली लिव्हिंग' शिकवायचं, म्हणजे दात, अंघोळ, केस, कपडे हे सगळं दुसऱ्याच्या हाताशिवाय. पहिला नियम सोपा असतो: वस्तूची जागा बदलायची नाही. शिंदखेड्याजवळच्या या घरात तो रोज मोडत होता.

सिंधूचे डोळे काचबिंदूने गेले, तेही लग्न झाल्यावर. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. सासूला गाव अक्का म्हणे. तिचं म्हणणं एकच. स्वतःचं स्वतः करता येत असेल तरच नेऊ, नाहीतर मुलाचं दुसरं लग्न लावू.

सिंधू हुशार होती. दंतमंजन तळहातावर घ्यायला, वेणीचे तीन पेड बोटांत धरायला लगेच शिकली. कुंकवाला वेळ लागला. डाव्या हाताचं बोट नाकावरून वर सरकवायचं, भुवयांच्या मध्ये थांबायचं, तिथे मेण आणि मेणावर कुंकू. मी टिकलीचं पाकीट आणलं, तर म्हणाली, "अक्काले टिकली चालत नहीं."

पण मी बसमध्ये चढले, की फणी आईच्या हातात.

"ती चाचपडस, ते माले दखावत नहीं," आई म्हणायची.

ऑफिसात साहेब वैतागले. "मॅडम, ट्रेनिंग कम्प्लीट दाखवा आणि केस क्लोज करा."

"सर, पोरीला सगळं येतं. आई करू देत नाही."

"मग आईला कुठल्या कॉलममध्ये टाकू?"

अक्का सुनेला पारखायला येणार त्या दिवशी मी मुद्दाम सकाळची बस धरली. तरी उशीरच झाला. सिंधू ओट्यावर बसली होती. चापूनचोपून तेल, घट्ट वेणी, साडीची एक चुणी हललेली नाही, कपाळावर गोल गरगरीत कुंकू. आईने जीव ओतला होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

अक्का आली, पाणी प्यायली, सुनेकडे बघत राहिली.

"पोर चांगली दखास. पन हाई बठ्ठं तुम्हीनच करेल शे ना, इहीनबाई? आमना घरमा बठ्ठा वावरमा जातस. हिन्हं कोन करी?"

सगळं आईनेच केलंय, हे अक्काने बरोबर ओळखलं होतं. आईचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सिंधू उठली.

"अक्का, जराशा बसा. मी तोंड धोई येस."

भिंतीला हात लावत ती न्हाणीकडे गेली. आई मागे धावली. या वेळी मी तिचा पदर धरला आणि सोडला नाही. आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. आईने पदराला हिसका दिला, मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

सिंधू बाहेर आली ती वेणी नव्याने घालून. तोंड स्वच्छ, साडी जरा भिजलेली आणि कुंकू डाव्या भुवईकडे सरकलेलं.

अक्काने तिला जवळ बसवून हनुवटी वर केली. बराच वेळ बघितलं.

"वाकडं शे," ती म्हणाली.

मग तिने हनुवटी सोडली.

"मायनी लायं ऱ्हातं, तं सरळ ऱ्हातं. हाई हिनीच लायेल शे." मग माझ्याकडे वळून तिने मला आपल्या घरी यायचंच आवतण दिलं, "चुलावर भाकर टाकाले शिकाडशात का, ताई? आमना घर ई सन?"

पुढच्या आठवड्यात सिंधू सासरी गेली. केस क्लोज झाली, आईचा कॉलम काही निघाला नाही. पण त्यानंतर मी कुठल्याही नव्या घरी गेले, की आधी आईला शेजारणीकडे गप्पा मारायला पाठवायची आणि मगच पिशवीतून साबण काढायची.