बाईंचा बारावा प्रोग्राम

ऐंशीच्या दशकात आमच्या नागपूरच्या कचेरीत बारा तपासणी-प्रोग्राम संगणकावर एकामागोमाग आपोआप चालत. बारावा रोज मेमरी संपून बंद पडायचा. तो कामठीहून येणाऱ्या नव्या बाईंनी लिहिलेला होता. “माहा प्रोग्राम एकटाच चालवून पाहा नं, सर,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे मशीन खोटं बोलून राहिली का वं?” मी सगळ्यांदेखत खेकसलो आणि त्यांना टायपिंगला बसवलं.

आठवड्याने मी रांगेतला पहिला, म्हणजे माझा, प्रोग्राम वगळून पाहिला, तर बारावा सुरळीत चालला. घेतलेली मेमरी माझाच प्रोग्राम परत सोडत नव्हता. मी तो गुपचूप दुरुस्त केला. साहेबांना मात्र सांगितलं, बाईंचा घोळ निस्तरला. साहेबांनी मला शाबासकीचं पत्र दिलं. ते बाईंनीच टाइप केलं, एकही चूक न करता.