दारामागच्या एकोणीस रेघा

नायगावची आमची चाळ स्वातंत्र्याआधी काही काळ तुरुंग होती. ती तुरुंग म्हणूनच बांधली, की गिरणी कामगारांसाठी बांधून मग तिच्यात राजकीय कैदी भरले, यावर आमच्या मजल्यावर दोन पक्ष होते. मी अर्थातच पहिल्या पक्षात. पाहुण्यांसाठी माझे पुरावे तयार असत: खिळा वाकेल पण आत शिरणार नाही अशा सिमेंटच्या भिंती, मधून जाणारा अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना एका मापाच्या खोल्या, टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. "पहारेकऱ्याने इथे उभं राहायचं, सगळी दारं नजरेत," असं मी अशा थाटात सांगायचो, जणू पहाऱ्यावर मीच होतो.

शेवटी खोलीचं दार आतून लावायचो. दारामागे, खांद्याच्या जरा खाली, भिंतीवर ओरखडलेल्या एकोणीस रेघा. एकोणिसावी अर्धीच. "इथे त्याला नेलं," मी आवाज खाली आणून म्हणायचो. कुठे नेलं, ते कधी सांगावं लागलं नाही. माझ्या मेव्हण्याने तर एकदा पायातले मोजेही काढले होते.

हे मला बाबांनी सांगितलं होतं, मी तिसरीत असताना. पुढे घराला रंग देताना ते तेवढा चौकोन सोडायचे. पंधरा ऑगस्टला मी तिथे झेंडूचं फूल चिकटवायचो. आई कधी हात जोडायची नाही. हिला देशाचं काही नाही, असं मला वाटायचं.

बाबा गेले. मग चाळ पाडायची ठरली. आमचं सामान बांधून होत आलं तेव्हा आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी इमारतीची नोंद करायला आली. मी दार लावून, त्याला टेकून सगळं भाषण केलं. तिने लिहून घेतलं, आणि दारामागे टॉर्च मारून वाकली.

"काका, तुरुंग होता तेव्हा इथे चुना असणार ना? रेघा तर ऑइल पेंटवर आहेत. हा हिरवा थर फाटलाय बघा."

तो हिरवा रंग बाबांनी लावला होता. त्याच्या वासाने मला उलटी झाली होती. तरी मी म्हणालो, "कैदी नंतर कधीतरी येऊन गेला असेल."

मुलगी भली. हसली नाही.

खाली बसून जुन्या लुगड्यात भांडी बांधणारी आई म्हणाली, "त्यो रेघो माझ्यो."

मी तिच्याकडे वळलो.

"संपाच्या मोर्च्यात तुझ्या बाबांका धरून नेलेले. तुका सांगितला, गावाक गेले."

आठवलं. गावाहून येताना खाऊला खाजं आणलं नाही म्हणून मी बाबांशी दोन दिवस बोललो नव्हतो.

"कॅलेंडरवर खुणा केल्या असत्या तर तू विचारलं असतंस," आई म्हणाली. "दारामागे कोण बघता?"

"मग बाबांनी मला तो कैदी का सांगितला?"

"तू एक दिवस बघितलंस आणि विचारलंस. चोरी नव्हती केली त्यांनी. पण पोराक जेल म्हणून कसा सांगायचा?"

मुलीने पेन वर धरलं होतं. "आजी, मग हे काय लिहू? तुम्हाला नको असेल तर काकांचंच ठेवते."

आईने गाठ मारली, सोडली, परत मारली. मला वाटलं, ती बाबांचं गुपित आत्ताही राखणार.

"भिंत जातली," ती म्हणाली. "कागदावर खोटा नको. लिव."

"आणि ही अर्धी?"

आईने डाव्या हाताचं कोपर चोळलं, जणू आत्ताच लागलंय.

"मी रेघ मारीत होतंय, आणि ह्यांनी बाहेरून दार ढकलल्यानी."

मुलीने टेप लावून अर्ध्या रेघेचं माप घेतलं, आणि लिहिलेलं सगळं आईला वाचून दाखवलं. मी दारापासून बाजूला झालो.