अड्याळच्या भाताला 'सॉलिड'

फेब्रुवारी १९८३, रविवार. हजर: मी, आमचे हे आणि पुतणी नंदा. काम: अड्याळला तिच्यासाठी स्थळ पाहणे.

पुण्याहून रेल्वेने नागपूर, मग भंडारा, आणि तिथून पवनीची एस.टी. वाटेत टायर पंक्चर झालं. तेवढ्यात कापणी झालेल्या बांध्या (धानाची शेतं) आणि एक बोडी (लहान तळं) निवांत पाहून झाली. नंदा गप्पच. आधीच्या स्थळाने 'मुलगी फार बोलते' म्हणून नकार दिला होता. या वेळी तोंड उघडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

पोचताच पानं मांडली. या घरी नव्या तांदळाचा भात पाहुण्यांना वाढतात आणि कसा झाला ते प्रत्येकाने बोलून सांगायचं असतं. हा चिन्नोर तांदूळ तर मुलाने, मधुकरने, स्वतः पिकवलेला. आम्ही दोघांनी तारीफ केली. नंदा मान खाली घालून जेवत राहिली.

मधुकरच्या आईचा चेहरा उतरला. "काहून वो पोरी, आवडला नाही का?"

"सॉलिड आहे!" नंदाच्या तोंडून निघून गेलं.

वाढणारे हात थांबले. मी समजावलं, की शब्द इंग्रजी, मूळ अर्थ भरीव, घट्ट. पण आमच्याकडची कॉलेजची मुलं तो जोर द्यायला कशालाही लावतात. सॉलिड भूक, सॉलिड गर्दी.

"वाईटालेबी चालते का?" मधुकरच्या वडिलांनी विचारलं.

"हो ना, सॉलिड डोकं दुखतं! पण नुसतं 'सॉलिड' म्हटलं, की छानच," नंदा म्हणाली.

"मंग हा आमचा 'भल्ला'च झाला. भल्ली भूक, भल्लं ऊन!"

"मग भात भल्ला सॉलिड आहे," नंदा म्हणाली आणि सगळं घर हसलं.

"भल्ली बोलकी हाय वो!" आई म्हणाल्या. "बरंच हाय. आमचा मधू तं वरवंट्यावानी बसून राह्यते."

मधुकर कानापर्यंत लाल झाला. न बोलता नंदाच्या ताटात आणखी भात वाढून तो आत गेला.

परतताना नंदा नागपूरपर्यंत बोलत होती. मला बरं वाटलं. गप्प राहून जमवलेलं लग्न पुढे गप्प राहूनच निभवावं लागलं असतं.

त्यांचा होकार निघतानाच मिळाला. नंदाने मात्र उत्तर राखून ठेवलंय, कारण मधुकर तिच्याशी अजून एक शब्दही बोललेला नाही. होळीआधी दोघांना समोरासमोर बसवायचं आहे. तेवढं काम बाकी.