अध्यक्षांचा सोफा आणि शर्यतीची रेघ

आमच्या शिट्टीताईचं काम तसं बिनआभाराचं. गावोगावी जायचं, पोहण्यापासून वजन उचलण्यापर्यंत सगळ्या खेळांचे मेळे तिथल्याच लोकांकडून भरवून घ्यायचे, आणि कौतुकाच्या वेळी मागे उभं राहायचं. नोकरी दिली नवऱ्याच्या मामांनी. मामा क्रीडामंडळाचे अध्यक्ष. त्यामुळे कोणी तिला वशिल्याची म्हणे, कोणी फुकट राबणारी सून. मी दोन्ही म्हणायचो, ज्याच्या घरी चहा घेतला त्याप्रमाणे.

त्या वर्षी मेळा आमच्याकडे होता. सकाळी बाहेरून आलेल्या पंचबाईंनी धावण्याची पट्टी मोजली आणि ताईला बाजूला घेतलं. "शर्यत आखूड आहे. शेवटची रेघ अलीकडे कोणी आणली?"

मैदानाचा माळी फक्कीचा डबा पाठीमागे लपवत म्हणाला, "अध्यक्षांचा सोफा मांडवात आहे ना. शर्यत त्यांच्यासमोर नको संपायला?"

सुरुवात मागे नेता येईना, तिथे भिंत. रेघ पुढे नेली नाही तर एकही वेळ ग्राह्य धरली जाणार नव्हती, आणि वर्षभर घाम गाळलेल्या मुलींची वरच्या स्पर्धेसाठीची निवड बुडणार होती. पहिली तुकडी तर जाकिटं काढून उभीच.

ताई मांडवात गेली. "मामा, रेघ पुढे जातेय. तुम्ही पण चला."

"उन्हात?" मामा आणखी रेलून बसले. "सूनबाई, रेघ इथेच राहील. नाहीतर उद्यापासून तू घरी राहशील."

भोवतीची मंडळी एकदम आपापले बूट निरखू लागली. मीही. पंचबाई घड्याळ बघत होत्या.

"आणि सोफा हलवायचाच असेल तर माझ्यासकट उचल," मामा हसत म्हणाले.

"बरं," ताई म्हणाली, आणि शेजारच्या हॉलकडे तोंड करून शिट्टी फुंकली. तिथे वजन उचलणारे खेळाडू अंग मोकळं करत होते. चौघे आले, चार कोपरे धरले. मामा अधांतरी. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर प्रेक्षकांनी टाळ्या सुरू केल्या होत्या, आणि टाळ्या ऐकल्या की मामांचा हात आपोआप वर जातो.

माळ्याने खऱ्या जागी रेघ मारली, सोफा तिच्यासमोर टेकला. ताईने मामांच्या डोक्यावर छत्री धरली. पिस्तूल वाजलं, मुली सुटल्या. पंचबाईंनी सगळ्या वेळा धरल्या.

मामा अजून तिच्याशी बोलत नाहीत. नोकरी मात्र आहे. तिला काढायचं तर मंडळाच्या बैठकीत कारण सांगावं लागेल, आणि सांगायला सोफ्यापासून सुरुवात करावी लागेल.